नव्या वास्तूंत पहिलें पाऊल

मागील खेपेस पत्रलेखनाच्या मावळत्या प्रघाताविषयीं जरा गंभीरपणें लिहिलें गेलें, तेव्हां या महिन्यांत कांहीं हलका विषय घेईन असें मीं वाचकांस आश्वासन दिलें होतें. त्याप्रमाणें आज फुटबॉलविषयीं लिहावयास बसलों आहें. संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्या सेवानिवृत्त मास्तरानें फुटबॉलवर लेखणी चालवावी, हें पाहून कित्येकांच्या भुंवया वर चढतील. त्यांचें आश्चर्य रास्त आहे. शाळेंत असतां खेळाच्या तासाला शिट्टी वाजविण्यापलीकडे त्या शास्त्रांत माझी गति नव्हती. परंतु विषय वस्तुतः खेळाचा नाहींच. तो घराचा आहे. आणि घर सोडणें व घर करणें म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या माझ्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

प्रसंग असा घडला. रविवार, २४ ऑगस्ट २०२५ चा दिवस. गणेशचतुर्थी अवघी तीन दिवसांवर आली होती. माजघरांत वहिनी व सुना पूजेचीं उपकरणीं चिंच लावून घाशीत होत्या, ओसरीवर मुलांनीं मखराच्या पुठ्ठ्यांचा व खळीचा पसारा मांडला होता, आणि माझे थोरले बंधु अण्णा झोंपाळ्यावर बसून त्या पसाऱ्यावर देखरेख करीत होते. इतक्यांत लिव्हरपुलाहून माझ्या पुतण्याचा फोन आला. हा आमच्या मधल्या भावाचा मुलगा. तेथील एका रुग्णालयांत नोकरीस असून त्याला तेथें अकरा वर्षें झालीं. "काका, आज साडेसहाला टेलिव्हिजन लावा. आमच्या एव्हर्टनची आज वास्तुशांत आहे," असें तो म्हणाला. 'आमच्या' हा शब्द ऐकून अण्णांनीं माझ्याकडे पाहिलें. मुलगा परदेशीं गेला कीं, प्रथम त्याचे कपडे बदलतात, मग जीभ बदलते व शेवटीं सर्वनामें बदलतात, असें त्यांचें एक जुनें मत आहे.

एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरांतील फुटबॉलचा जुना क्लब. सेंट डोमिंगो नांवाच्या चर्चच्या मंडळींनीं १८७८ मध्यें तो काढला व पुढील वर्षीं त्यास एव्हर्टन हें नांव मिळालें. १८८४ पासून तो ॲनफील्ड येथील मैदानावर खेळत असे. जॉन होल्डिंग नांवाचे एक मद्याचे कारखानदार त्या वेळीं क्लबाचे कर्तेसवरते होते. भाड्यावरून व मैदानाच्या मालकीवरून त्यांच्यांत व इतर सभासदांत वितुष्ट आलें. आपल्याकडे ज्याला भाऊबंदकी म्हणतात, तोच हा प्रकार. अखेर १८९२ मध्यें चर्चमध्यें ऑर्गन वाजविणारे जॉर्ज मॅहन यांच्या पुढारीपणाखालीं क्लब तेथून बाहेर पडला. आणि रिकाम्या पडलेल्या मैदानाचें करावें काय, म्हणून होल्डिंग यांनीं दुसरा संघ उभा केला. तोच आजचा जगप्रसिद्ध लिव्हरपूल क्लब. दोन्ही घरांच्या मध्यें स्टॅन्ले पार्क नांवाचें उद्यान तेवढें आडवें. वांटणी होऊनहि भाऊ शेजारींच राहिले, आणि एकाच घरांत एक मुलगा निळ्या झेंड्याचा म्हणजे एव्हर्टनचा, तर दुसरा तांबड्या झेंड्याचा, असा प्रकार त्या शहरांत आजहि आढळतो.

बाहेर पडलेल्या मंडळींनीं वॉल्टन भागांतील मिअर ग्रीन नांवाचा ओबडधोबड तुकडा घेतला, साफसूफ केला, आणि २४ ऑगस्ट १८९२ रोजीं तेथें गुडिसन पार्क या मैदानाचें उद्घाटन झालें. त्या दिवशीं तेथें फुटबॉलचा खेळ झालाच नाहीं. धांवण्याच्या शर्यती झाल्या व रात्रीं दारूकाम झालें. केवळ फुटबॉलसाठीं म्हणून बांधलेल्या इंग्लंडांतील अगदीं पहिल्या मोठ्या मैदानांत गुडिसनची गणना होते. एका कोपऱ्यावर सेंट ल्यूकचें चर्च जवळजवळ मैदानांत डोकावणारें, चोहोंकडे कामगारांच्या घरांच्या रांगा, आणि आर्चिबाल्ड लीच या स्थापत्यकारानें बसविलेली फुलीफुलीची लोखंडी नक्षी, असें त्याचें रूप होतें. डिक्सी डीन या खेळाडूनें १९२७–२८ च्या एकाच हंगामांत लीगचे ६० गोल केले, त्यांतील साठावा येथेंच. पहिल्या वर्गांतील तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं. हाच डीन वृद्धपणीं, १९८० मध्यें, याच मैदानावर सामना पाहत असतां मरण पावला. १९६६ च्या जागतिक स्पर्धेंतील उपान्त्य सामन्यांपैकीं एक येथेंच झाला. आणि याहून मनास चटका लावणारी गोष्ट म्हणजे, शेंकडों पाठीराख्यांची रक्षा त्यांच्या अंतिम इच्छेप्रमाणें या मैदानाच्या कडेला पुरलेली आहे. पुढें जागाच उरली नाहीं, म्हणून २००४ पासून क्लबास ही विनंति नाकारावी लागली.

असें घर सोडावयाचें तर मन धजत नाहीं, आणि न सोडावें तर दिवस निभत नाहींत. मैदानांत कशीबशी ३९,००० माणसें मावत. भोंवतालीं घरें असल्यामुळें वाढावयास वाव नव्हता. किंग्ज डॉक येथें जाण्याचा बेत २००३ मध्यें फिसकटला. कर्बी येथें जाण्यास सरकारनें २००९ मध्यें परवानगी नाकारली. शेवटीं मर्सी नदीच्या कांठीं, जुन्या घरापासून दोनएक मैलांवर, ब्रॅम्ली-मूर नांवाची जुनी गोदी मिळाली. जेसी हार्टली या अभियंत्यानें बांधलेली ही गोदी १८४८ मध्यें खुली झाली होती. २०२१ मध्यें काम सुरू झालें. आंतील मासे दुसरीकडे हलवून, समुद्रांतून काढलेली लाखों घनमीटर वाळू गोदींत ओतून ती बुजविण्यांत आली. जुन्या दगडी भिंती मात्र पाडल्या नाहींत. त्या वाळूखालीं तशाच निजलेल्या आहेत, आणि पश्चिमेच्या बाजूस पाण्याचा एक पट्टा मुद्दाम राखला आहे. नव्या इमारतीच्या विटांच्या बांधणींत लीचच्या त्या फुल्यांची नक्षीहि उतरविली आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलीनें माहेरचीच रांगोळी सासरच्या दारांत काढावी, तसें हें मला वाटलें.

या घरासाठीं किंमतहि थोडी पडली नाहीं. जागतिक वारशाच्या यादींत २००४ पासून असलेलें लिव्हरपूलच्या बंदराचें नांव २०२१ मध्यें काढून टाकण्यांत आलें, त्याच्या कारणांत या क्रीडांगणाचाहि उल्लेख होता. २०२३ मध्यें बांधकामावर एका कामगाराचा अपघाती मृत्यु झाला. त्याच सुमारास क्लबाचा तोटा नियमांनीं घातलेल्या मर्यादेबाहेर गेल्यामुळें २०२३–२४ च्या हंगामांत त्याचे एकंदर ८ गुण कापण्यांत आले. घर बांधतांना घरधन्याची कंबर मोडते, ही गोष्ट कांहीं आपल्याच देशांतली नव्हे.

पुतण्यानें उद्घाटनाच्या आदल्या रात्रीची हकीकत मागाहून पत्रानें कळविली, ती त्याच्या संमतीनें येथें देतों. त्याच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, सारी हयात गोदींत गेली. त्या शनिवारीं रात्रीं त्यांच्या स्वयंपाकघरांत त्यांची कन्या, नातू, बारा वर्षांची नात, एक जुना सोबती व माझा पुतण्या इतकीं मंडळी चहाला जमलीं होतीं. बैठक चहाची, परंतु रंग वादसभेचा.

नातू म्हणाला, "आजोबा, पन्नास वर्षें तुमच्या डोळ्यांसमोर लोखंडी खांब होता. उजवीकडचा गोल तुम्हीं एकदां तरी पुरा पाहिला आहे काय? उद्यांपासून खांब नाहीं. ५२,७६९ माणसें बसणार, त्यांपैकीं १३,००० तर दक्षिणेकडच्या एकाच अखंड उतारावर!"

म्हातारबुवा म्हणाले, "खांब होता खरा. पण खांबाच्या अलीकडे कोण बसतें, पलीकडे कोण बसतें, हें मला ठाऊक होतें. गोल झाला कीं शेजारचा ओरडे, त्यावरून मला समजे. उद्यां माझ्यासमोर खांब नसेल आणि शेजारीं ओळखीचा माणूसहि नसेल."

सोबती म्हणाला, "आणि दारावर पाटी कोणाची? वकिलांच्या पेढीची! हिल डिकिन्सन स्टेडियम म्हणावयाचें म्हणे. मी तर गोदीच म्हणणार."

"पाटीचे पैसे मिळतात," नातू म्हणाला. "आपलें ब्रीदवाक्य काय आहे? सर्वोत्तमाखेरीज कांहींच पुरेसें नाहीं. मग मैदान नको का सर्वोत्तम?"

"ब्रीद लिहिणारानें मैदानाविषयीं लिहिलें नव्हतें, संघाविषयीं लिहिलें होतें," म्हातारबुवा उत्तरले. या वाक्यावर दोन्ही पक्ष हंसले. कारण संघाची अलीकडची कामगिरी दोघांनाहि सारखीच ठाऊक होती.

कन्येचें म्हणणें निराळें होतें. गुडिसनच्या रस्त्यावर तळलेले मासे व बटाटे विकणाऱ्यांचें काय होणार? सामन्याच्या दिवसावर त्यांचा महिना निघे. शिवाय नव्या जागीं गाडी उभी करावयास जागा थोडी; सँडहिल्स स्टेशनावर उतरून बरेंच चालावें लागतें, आणि परततांना रांगेंत तिष्ठावें लागतें. "बाबांचे गुडघे तेवढें चालतील का, हें कोणत्याच नकाशावर काढलेलें नाहीं," असें ती म्हणाली.

त्यानंतर म्हातारबुवांनीं बराच वेळ कप हातांत धरून ठेवला, आणि मग म्हणाले, "चालण्याचें मी पाहून घेईन. पण माझे वडील तेथें आहेत, गोलाच्या मागें. त्यांना कांहीं आगगाडींत बसवून नेतां येत नाहीं."

यावर बोलावयास कोणासच कांहीं सुचेना. तेव्हां इतका वेळ बिस्किटें खात बसलेली नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळे खुशाल तिकडे जा. गुडिसन आतां आमचें आहे. पणजोबांकडे आम्ही पाहूं."

मुलीचें बोलणें अक्षरशः खरें होतें. पुरुषांचा शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजीं गुडिसनवर झाला. साउथहॅम्प्टनवर एव्हर्टननें २–० असा जय मिळविला. त्यानंतर तें मैदान पाडून तेथें घरें व इतर सोयी करावयाच्या, असा मूळ बेत होता. परंतु त्याच मे महिन्यांत क्लबानें तो बदलून असें जाहीर केलें कीं, गुडिसन पार्क पाडावयाचें नाहीं. तें यापुढें एव्हर्टनच्या महिला संघाचें घर होईल. तोंपर्यंत या मुली एका लहानशा मैदानावर खेळत असत. ही मुलगी स्वतः शाळेच्या संघांत खेळते.

पुन्हां आमच्या ओसरीकडे वळतों. साडेसहाला सारें घर टेलिव्हिजनपुढें जमलें. खेळ कोणास फारसा कळत नव्हता, पण घरभरणीचा समारंभ सर्वांस कळत होता. प्रतिस्पर्धी ब्रायटनचा संघ. तेविसाव्या मिनिटाला इलिमान एंडाय या खेळाडूनें नव्या घरांतला लीगचा पहिला गोल केला. गुडिसनवरचे शेवटचे दोन्ही गोल याच पायांचे, हें धाकट्या नातवानें सांगितलें, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "म्हणजे जुन्या चुलींतला निखारा नव्या चुलींत आणलान् म्हणा." मला वाटतें, त्या दिवसाचें इतकें नेमकें वर्णन कोणा समालोचकानें केलें नसेल. पुढें जेम्स गार्नरनें दुसरा गोल केला, गोलरक्षक पिकफर्डनें ब्रायटनचा दंडाचा फटका अडविला, आणि सामना २–० असा सुटला. १८९२ चें उद्घाटन व २०२५ चें उद्घाटन, दोन्ही चोवीस ऑगस्टचीं. मध्यें बरोबर १३३ वर्षें.

माझ्या मनांत त्या वेळीं शब्दांचा विचार चालला होता. संवय जात नाहीं. 'स्टेडियम' हा शब्द मूळचा ग्रीक. तें लांबीचें एक माप होय, सुमारें सहाशें ग्रीक फुटांचें. तेवढें अंतर धांवण्याच्या शर्यतीस तेंच नांव पडलें, व पुढें शर्यत पाहण्याच्या जागेसहि तेंच चिकटलें. म्हणजे तो शब्द मोजण्यांतून जन्मला. आपला 'वास्तु' शब्द 'वस्' धातूपासून झाला आहे. वस् म्हणजे राहणें. वास, निवास, वस्ती हीं सारीं त्याचींच भावंडें. तेव्हां माप घेऊन बांधलेलें स्टेडियम त्या दिवशीं तयार झालें, यांत शंका नाहीं. परंतु त्याची वास्तु व्हावयास माणसांनीं तेथें राहावें लागेल, हंसावें लागेल, पराभव सोसावे लागतील. तें काम कंत्राटदाराच्या हातचें नव्हे. नातवाचें मत खरें, कारण खांबामागें बसून आयुष्य काढणें हा कांहीं पुरुषार्थ नव्हे. म्हातारबुवांचेंहि खरें, कारण शेजारी गमावून मिळालेली स्वच्छ दृष्टि प्रथम एकाकीच असते. दोघांनाहि खोटें न पाडतां वाट काढणारी ती बारा वर्षांची मुलगी मला त्या सर्वांत शहाणी वाटली.

अण्णा सबंध खेळभर गप्प होते. त्याचें कारण आम्हां सर्वांस ठाऊक होतें. आमच्या वाड्याच्या जागीं नवी इमारत उठविण्याचा प्रस्ताव गेलीं चार वर्षें घरांत पडून आहे. माडीचे वांसे वाळवीनें पोखरले आहेत, पावसाळ्यांत देवघरांत पातेलें ठेवावें लागतें, आणि रात्रीं परसांत जाणें वृद्धांस जड जातें. मुलांनीं चार वेळां विषय काढला. चारहि वेळां अण्णांनीं "आई या खोलींत गेली" एवढेंच म्हणून तो मिटविला. मी मध्यस्थ म्हणविणारा. पण खरें सांगावयाचें तर मींहि धैर्य केलें नाहीं. कागदांवर सही न करणें हें निष्ठेचें लक्षण, अशी स्वतःची समजूत घालून मी स्वस्थ बसलों. आळसाला निष्ठेचें नांव देणें किती सोपें असतें, हें मला म्हातारबुवांची हकीकत वाचून कळलें. ते निदान आपल्या गुडघ्यांनिशीं निघाले तरी होते.

सामना संपल्यावर अण्णांनीं एकच प्रश्न विचारला. "त्यांनीं जुन्या मैदानाचें काय केलें?" मीं सांगितलें. "मुलींना दिलें?" असें त्यांनीं पुन्हां विचारलें, आणि ते झोंपाळ्यावर जाऊन बसले.

सप्टेंबरांत पुतण्याचें पत्र आलें, त्यांत पुढची वार्ता होती. म्हातारबुवा उद्घाटनास गेले होते. परत आल्यावर कसें काय वाटलें म्हणून विचारतां ते एवढेंच म्हणाले, "दोन्ही गोल दिसले." मग १४ सप्टेंबरला नातीचा हात धरून ते गुडिसनवर गेले. महिला संघाचा तेथील नव्या संसारांतला तो पहिलाच लीग सामना. टॉटनहॅमनें त्यांना २–० असें हरविलें. परततांना म्हातारबुवा प्रसन्न होते. म्हणाले, "हरलों ना? म्हणजे घरांत सारें पूर्ववत् चाललें आहे."

हें पत्र मीं ओसरीवर मोठ्यानें वाचून दाखविलें. गणपतीचें विसर्जन होऊन आठवडा उलटला होता. अण्णा ऐकत होते. पत्र संपल्यावर म्हणाले, "अरे, ते कागद आण पाहूं. सही करीन असें म्हणत नाहीं. वाचून तर पाहूं." कागद आले. चष्मा लावून त्यांनीं नकाशा उलगडला, बराच वेळ पाहिला, आणि मग आंत हांक मारून वहिनींना बोलाविलें. "यांत तुला काय हवें तें सांग," असें ते म्हणाले.

वहिनी पदराला हात पुसत दारांत उभ्या राहिल्या. चार वर्षें हा वाद घरांत चालला, परंतु तो प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. अण्णांनीं नाहीं, मुलांनीं नाहीं, मींहि नाहीं. त्यांनीं थोडा विचार केला व म्हणाल्या, "स्वयंपाकघराला रस्त्याकडची खिडकी असूं द्या. बावन्न वर्षें भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या मीं."

अण्णांनीं माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली व नकाशावर त्या जागीं एक खूण केली. सही अद्याप झालेली नाहीं. ती होईल कीं नाहीं, हें मी वाचकांस आज सांगूं शकत नाहीं. परंतु नकाशा आतां कपाटांत परत गेलेला नाहीं, ओसरीवरच असतो, आणि घरांतील जो तो येतां जातां त्याच्यावर बोट ठेवून कांहीं तरी बोलतो. ज्या वाचकांच्या घरीं असाच एखादा नकाशा कपाटांत पडून असेल, त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, तो एकदां बाहेर काढावा, आणि आजवर ज्यांना कोणी विचारलें नाहीं, त्यांना प्रथम विचारावें.

असो. पुढील महिन्यांत पुन्हां भेटूं.